बादलीत बुडवलेला जोड

१७ तारीख, बुधवार

ती. ताईस,

नमस्कार. तुझं पत्र पोचलं. इथे सगळं ठीक. आईच्या गुडघ्याची कुरकुर चालू आहे, म्हणजे ठीकच. वर्कशॉपचं छप्पर मागच्या बाजूने गळत होतं, तिथे पत्रा मारला. मी जेवतो, झोपतो. तू विचारलंस म्हणून लिहिलं.

फोनवर तुझा आवाज आला की माझं तोंडच उघडत नाही. म्हणून हे पत्र.

तू लिहिलंस, "तू बिचाऱ्याने हातातली कामं टाकून तासाभरात खरवडणी करून दिलीस, आणि या माणसाला काम करताना साधा चष्मा घालायला होत नाही. डोळा गेला तो स्वतःच्या आळसाने. मी तर बोलणंच टाकलंय त्यांच्याशी." ते वाचलं, घडी घातली आणि चहा प्यायलो.

भाऊजींना लाकडाच्या वखारीतल्या यंत्रावर चिकटलेला डिंक काढायला ती खरवडणी हवी होती. साधा पत्रा, आणि धारेसाठी त्याला जुन्या गोल करवतीच्या पात्याची पट्टी. पत्रा म्हणजे गरीब गाय, कसाही वागवा. पातं मात्र आधीच पाणी दिलेलं, कडक. त्याला जोडायचं तर अगोदर सावकाश तापवायचं, थोडं थोडं वेल्डिंग करायचं, आणि मग गरम राखेत पुरून दिवसभर विसरून जायचं. घाईने गार केलं की जोडाशेजारचं पातं काचेसारखं ठिसूळ होतं. वरून काही म्हणजे काही दिसत नाही. हे मला पंधरा वर्षांपासून ठाऊक आहे.

तापवलं मी नीट. जोडही नीट धरला. भाऊजी दारात उभे होते. म्हणाले, "होऊ दे रे सावकाश, मी उद्या येऊन नेईन." ताई, त्यांनी अजिबात घाई केली नाही. मीच म्हटलं, "कशाला खेटे घालताय, आत्ता देतो." आणि बादलीत बुडवलं. चर्र झालं. जेवायची वेळ टळून गेली होती, मला भूक लागली होती. याहून मोठं कारण मी आठवडाभर शोधतोय. नाहीच.

दवाखान्यात भेटायला आलो तेव्हा डोळ्याला बँडेज असताना त्यांनी उशाखालून ती तुटकी खरवडणी काढून मला दिली. "जोड बघ, जागचा हललेला नाही. तुझा हात बसलाय बाबा. पातंच म्हातारं निघालं." मी तुटलेली कड बघितली. बघताक्षणी कळलं. आणि म्हणालो, "हो, जुनंच होतं ते." तू शेजारीच उभी होतीस. घरी येताना मी ती भंगारात टाकून दिली.

तेव्हा काही वाटलं नाही. आताही सगळं सुन्नच आहे. लाज वाटते, पण तीही दुसऱ्या कुणाची तरी असल्यासारखी.

चष्मा असता तर डोळा वाचला असता, हे खरं. पण पातं तुटून डोळ्यात उडालं ते माझ्यामुळे, आणि ते उडू शकेल हे फक्त मलाच माहीत होतं. त्यांना कसं कळणार?

भाऊजींना अजून वाचता येत नसेल. त्यांच्याजवळ बस आणि हे पत्र पहिल्यापासून मोठ्याने वाच, मधलं काही गाळू नकोस. बोलणं टाकायचंच तर माझ्याशी टाक. त्यांच्याशी आजपासून बोल.

दर पत्रात त्यांना नमस्कार लिहितो. आज हात धजत नाही.

तुझा,
धाकटा