गुहागरला नेलेली कळशी

कऱ्हाड,
११ फेब्रुवारी १९७३

ती. दादांस,
भामाचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

संक्रांतीला धाडलेला तिळगूळ पोचला की पोस्टातच कुणी गोड बोलायला लागलं, ते अजून कळलं नाही. एक कार्ड टाकायला हात दुखतात का तुमचे?

इकडे सगळे ठीक. हे शेठजींच्या ट्रकवर आहेतच. गूळ घेऊन चिपळूणला खेप असते. पाडव्यानंतरच्या खेपेला घरची माणसं न्यायला शेठजींनी होकार दिलाय. गूळ चिपळुणात उतरवायचा आणि रिकामा ट्रक तसाच पुढे गुहागरला, समुद्रावर. पुढच्या डिझेलचं तेवढं आपण बघायचं. भाकरी घरच्या, मुक्काम देवळाच्या ओवरीत, म्हणजे खर्च राहिला फक्त चहाचा. पोरांनी तर वर्षभर डोकं खाल्लंय.

तुम्ही आणि वहिनी याच. धनाजीची बोट लढाईत बुडाली तेव्हापासून वहिनी वस्तीबाहेर पडलेल्या नाहीत. धनाजी सुट्टीवर आला की मला म्हणायचा, आत्या, एकदा तरी समुद्र बघ. आता तो गेला. ज्या पाण्यात गेला ते पाणी बघायला मन धजत नाही आणि बघितल्याशिवाय चैनही पडत नाही.

उत्तर लगेच धाडा. लोभ आहे, तो दुष्काळात आटू देऊ नये.

तुमची,
भामा

ता. जत,
२५ फेब्रुवारी १९७३

चि. सौ. भामास,
अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि.

तिळगूळ पोचला. निम्मा वाटेत सांडला होता. गाठ मारायला तुला लहानपणीही जमत नव्हतं.

एक गोष्ट आधी सांगतो. धनाजी गेला असं तू लिहिलंस. तारेत 'बेपत्ता' असा शब्द होता. मी पलटणीत उमेदीची वर्षं काढली, बेपत्ता झालेली माणसं परत आल्याचं ऐकलंय. म्हणूनच मी त्याचे दिवस घालू दिले नाहीत. पुन्हा तसं लिहू नकोस.

इकडे ज्वारी जागेवर करपली. टँकर आला तर आला. विहिरीच्या तळाला एक झरा तेवढा जिवंत आहे, तिथून करवंटीनं भरावं लागतं. अशा दिवसांतही आपल्या घरात रोज सांजेला उंबऱ्याशी तांब्या भरून ठेवला जातो, धनाजी तहानलेला आला तर असावा म्हणून. त्याला कुणी हात लावत नाही. लेकराची आशा सुटत नाही, त्याला काय करणार.

तुझं पत्र वाचल्यापासून तुझ्या वहिनीनं हट्ट धरलाय. आपल्या विहिरीचं पाणी कळशीभर घ्यायचं आणि समुद्रावर जाऊन लेकराला द्यायचं. तिथं तो भेटेल असंच तिच्या मनात असणार. भेटला नाही की काय होईल, ह्याची मला धास्ती वाटते. पण नको म्हटलं तर ताटावरून उठून गेली. तेव्हा तिला पाठवतो. तिला सांभाळ. मला येता येणार नाही, बैल छावणीत आहेत.

पोरांना आशीर्वाद, कृष्णातरावांना नमस्कार.

तुझा दादा,
आकाराम

कऱ्हाड,
१० मार्च १९७३

ती. दादांस,
भामाचा नमस्कार, वि. वि.

वहिनी येणार म्हणून जीव हरखला. त्यांना म्हणावं, शेंगांची चटणी तुमच्या हातची आणा, माझी पोरं माझ्या चटणीला नावं ठेवतात. कोकणात पाण्याला तोटा नाही, पण त्यांची कळशी त्यांनी खुशाल आणावी. मागे गुळावर ती हिंदकळेल, तेव्हा केबिनमध्ये ह्यांच्या पायाशी नीट बसवू. एक थेंब सांडणार नाही, हा माझा शब्द.

बैलांचं निमित्त मला सांगू नका. शेजारचे आप्पासो दोन दिवस तुमचे बैल बघणार नाहीत होय? तुम्ही आलात तर वहिनींना धीर येईल. तारेतल्या शब्दाबद्दल मी आता काही लिहीत नाही. तुम्ही मोठे आहात.

मन वळलं तर एसटीला बसा. धाकट्या बहिणीवर माया असू द्यावी.

तुमची,
भामा

कऱ्हाड,
१३ एप्रिल १९७३

ती. दादांस,
भामाचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

वहिनी सुखरूप पोचल्या असतील. त्या फार बोलणार नाहीत, म्हणून सगळं मीच लिहिते. रागावू नका.

निघताना मौज होती. गुळाच्या ढेपांवर पोती अंथरून आम्ही राण्यांसारख्या बसलो होतो. पाटणपर्यंत पोरांनी गाणी म्हटली, वहिनीही एकदा हसल्या. कळशीचं तोंड त्यांनी धडप्यानं बांधून आणलं होतं आणि मी सांगितल्याप्रमाणे ती केबिनमध्ये ठेवली होती.

हेळवाकच्या पुढे चढाला गाडी तापली. ओझं हलकं व्हावं म्हणून ह्यांनी आम्हाला उतरवलं. आम्ही मागून चालत येत होतो. पुढे रेडिएटर उकळला, जवळचा ओढा ठणठणीत कोरडा. हाताशी पाणी दिसलं, ह्यांनी ते ओतलं. कळशी कशाची ते मी ह्यांना सांगितलंच नव्हतं. दादा, ह्यांना वाटलं, बायकांनी प्यायला घेतलंय.

आम्ही पोचलो तेव्हा कळशी केबिनच्या पायरीवर आडवी पडली होती. वहिनींनी ती उचलली, धडपा झटकून घडी केला आणि मांडीवर कळशी घेऊन बसल्या. गाडी चालली न्हवं, झालं तर मग, एवढंच म्हणाल्या. ह्यांना जेव्हा कळशी कशाची ते समजलं, तेव्हा स्टिअरिंगवर डोकं टेकून बसले. चिपळुणात गूळ उतरवला.

गुहागरला उन्हं कलताना पोचलो. पोरं धावली. वहिनी सुरूच्या झाडाखाली रिकामी कळशी घेऊन उभ्या राहिल्या, पुढे पाऊल टाकेनात. मी हात धरला तेव्हा म्हणाल्या, 'भामा, मरताना माणसाच्या तोंडात पाणी घालत्यात. माझ्या पोराच्या तोंडात कुणी घातलं? सगळीकडं खारं पाणी. त्येला आपल्या हिरीचा घोट द्यायचा व्हता, मग मी त्येला सोडणार व्हते.'

दादा, भेटायला नव्हत्या हो आल्या त्या. सोडायला आल्या होत्या.

ह्यांनी ते ऐकलं. कळशी मागून घेतली आणि ट्रकखाली शिरले. रेडिएटरची तोटी सोडून सगळं पाणी कळशीत काढलं. गरम, तांबूस, तेलाचा वास येणारं. वहिनींपुढे धरून म्हणाले, 'वैनी, तुमचंच पाणी हाय ह्यात. जरा गंजलंय.' मला वाटलं, त्या फेकून देतील.

वहिनींनी वास घेतला. मग म्हणाल्या, 'पोरगं बोटीवर इंजिनातच कामाला व्हतं. त्येला ह्यो वास वळखीचा हाय.' गुडघाभर पाण्यात जाऊन त्यांनी ओंजळीओंजळीनं ते पाणी सोडलं. तेव्हा त्या रडल्या. सव्वा वर्षात पहिल्यांदा, असं मागून म्हणाल्या. मी पण रडले, हे वाळूत तोंड फिरवून बसले होते.

आता जे लिहिते ते लिहू की नको असं झालंय. ओवरीत निजताना मी वहिनींना म्हटलं, आता तो उंबऱ्याशी तांब्या ठेवू नका. त्या म्हणाल्या, तांब्या मी न्हाई ठेवत, तुझं दादा ठेवत्यात. त्यांना पोर गेलं म्हणून सांगायचं माझ्यानं धाडस होत न्हाई.

दादा, लहान तोंडी मोठा घास घेतला असेल तर पोटात घाला. दोन ओळी तरी पाठवा.

तुमचीच,
भामा

ता. जत,
२६ एप्रिल १९७३

चि. सौ. भामास आशीर्वाद, वि. वि.

पत्र पोचलं. पुन्हा पुन्हा वाचलं. रागावलो नाही.

आप्पासो बैल बघायला तयार होता. मीच नको म्हटलं. समुद्र डोळ्यांनी बघितला असता तर तारेतला तो शब्द टिकला नसता. तुझ्या वहिनीला आशा आहे असं मी तुला लिहिलं. आशा माझी होती.

ती परत आली त्या सांजेला मी रोजच्यासारखा तांब्या भरून ठेवला. तिनं तो उचलला आणि माझ्यापुढे धरला. म्हणाली, 'त्येला मिळालं. आता तुमी प्या.' ती समोर उभी राहिली, म्हणून प्यालो.

कृष्णातरावांना सांग, मनाला लावून घेऊ नका. माझ्या पोराला शेवटचं पाणी तुमच्या हातून गेलं, मला ते जमलं नव्हतं.

आखितीला आपण पितरांना पाणी देतो. यंदा कुंभाराकडून पाण्याचा एक मातीचा करा जास्त आणलाय. झरा अजून आहे, करवंटीनं मीच भरतो. तुम्ही सगळे या. शेठजी सुट्टी कशाला म्हणून विचारतील. सांग त्यांना, भाचा गेला, त्याच्या पाण्याला जायचंय.

वाट बघतो.

तुझा दादा,
आकाराम