रिकामा मिक्सर

सूनबाई,

चिठ्ठी पिठाच्या डब्यात ठेवतेय, तिथे माझा लेक कधी हात घालणार नाही. परवा महिला मदत केंद्राच्या बाई चौकशीला आल्या, तेव्हा ‘बाथरूममध्ये घसरून पडली’ असं मी धडधडीत खोटं सांगितलं. तू नुसती माझ्याकडे बघत राहिलीस. आज त्यांच्याकडे खरं सांगायला चाललेय. तुझी कागदपत्रं त्याच्या कपाटातून काढून तुझ्या पिशवीत ठेवलीत. तो सहाला येईल, त्याआधी माहेरी नीघ. माझ्यासाठी थांबू नकोस.

तो तुला मारायचा तेव्हा शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून मी मिक्सर लावायचे. भांड्यात काहीच नसायचं गं. तेही लिहून घ्या म्हणणार आहे.

— सासू