आजीचे आसन कुशीवर ठेवण्याबाबत

प्रति,
मा. अभिरक्षक श्री. ओतू,
जिल्हा वारसा संग्रहालय,
एदुक्रोम, घाना.

विषय : काचेच्या कपाटात उभे केलेले आमच्या आजीचे लाकडी आसन कुशीवर ठेवण्याबाबत.
संदर्भ : आपले उत्तर, "मांडणी नियमानुसार आहे."

महोदय,

मी, अबा क्वेगिर, बाजारात आंबवलेल्या मक्याचे केंके विकते. माझी आई रांगत होती तेव्हा गोऱ्या साहेबाने हे आसन आमच्या घरातून नेले. आजी त्यानंतर मरेपर्यंत दुसऱ्या आसनावर बसली नाही.

विद्यापीठाच्या डॉ. आराबा अमिसा यांचे संशोधन प्रवास, वारसा आणि गोऱ्यांच्या राज्याने मागे ठेवलेले ठसे यांवर आहे. आसनाचा माग काढत त्या तीन देश फिरल्या आणि परदेशातल्या एका तळघरातून ते परत आणले. त्या सांगतात की तिथे ते सगळी वर्षे पेटीत आडवेच होते. पेटी लांबट होती, एवढेच कारण. परक्यांनी नकळत रीत पाळली. आपण ते आल्या दिवशीच उभे केले.

माणूस उठला की आसन कुशीवर कलंडवायचे, नाहीतर भटकता जीव येऊन बसतो, हे आपणांस सांगणे आगाऊपणाचे आहे. ईस्टरला मी केंके घेऊन आपल्या घरी आले होते. आत जायला उठताना आपण स्वतःचे आसन आडवे केलेत.

सोमवारी आईला आणले. ती उंबऱ्यावरच थांबली. "तिथं कोण बसलंय?"

पहारेकरी क्वामेना म्हणाला, "कोणी नाही, आजी. रिकामं आहे."

"तू सरकारी माणूस. तुला कसं दिसेल? त्याला उठव, मग येते मी आत."

क्वामेना भला माणूस. त्याने दुपारी आसन आडवे केले. वस्तू पडली आहे अशी एका पाहुण्याने तक्रार केली, आपण ते पुन्हा उभे केलेत आणि क्वामेनाला ताकीद दिलीत. आता तो कपाटापुढून जाताना टोपी काढतो. कोणासाठी, ते त्यालाही सांगता येत नाही.

डॉक्टरीणबाई म्हणतात, "अबाताई, तीन देशांतून आणलं, आणि अडलं ते आपल्याच दारात."

तरी आसन कुशीवर ठेवावे. "हे पडलेले नाही" अशी पाटी मी रंगवून देईन. तेही नियमात बसत नसेल तर संग्रहालय उघडे असेपर्यंत मला आसनावर बसू द्यावे. पगार नको. संध्याकाळी उठताना काय करायचे ते मला ठाऊक आहे.

उत्तराची वाट पाहणारी,
अबा क्वेगिर
१४ ऑगस्ट

सोबत :
१. पेटीतल्या आसनाचा फोटो.
२. आई. रोज येते, संग्रहालयाच्या बाहेरच्या पायरीवर बसते. तिचे वय पाहता उत्तर टपालाने पाठवू नये.