दोन नंबरची कॅसेट आधी

१ एप्रिल १९९६, कोचीन
आज जपानी कार्टूनांचा निकाल लावला. माप आपल्या यात्रेतल्या कुस्त्यांच्या मैदानाचं. खाली रेवड्यांची कुस्ती, मग नारळाची, सगळ्यात वर चांदीची गदा. रविवारी टीव्हीवर लागतं त्याला नारळ. रोबोटवाल्याला रेवड्या. नुसती हाणामारी, डाव एक नाही.
गदा एकालाच : 'कोळ्याची पोर'. नाव मीच ठेवलंय, डब्यावरचं वाचता येत नाही. बोटीवरच्या माणसाकडून घेतल्या दोन कॅसेट. कोळी तुफानात बुडतो, पोर काठावर रडते. मग बाप परत घरात! मासे भाजतो, पोरीची वेणी घालतो, शेवटी हात हलवत मजेत होडी काढतो. दुःख संपल्यावर पोर लहानसुद्धा दिसायला लागते. लय बारीक कारागिरी.

२ एप्रिल
जपानी चित्रांचं पुस्तक मागून उघडतं. हे मी स्वतः शोधलं. म्हणून कॅसेटपण दोन नंबरची आधी. आमच्या गलाईच्या दुकानातला जोडीदार गुंडा म्हणाला, गड्या, एक आधी येतं रं. सातवी पास झाला म्हणून शहाणा! मी चौथीत शाळा सोडली, पण जपान मला कळतो.
ठराव : यात्रेला गावी जायचं. नानासो मामाची स्टँडसमोरची खोली मागायची. व्हिडिओ पार्लर. सोनं गाळायच्या भट्टीवर परत यायचं नाही. मालकाला तोंडावर सांगितलं. म्हणाला, जा, तुझं अंथरूण गुंडाळून ठेवतो. अपमान.

९ एप्रिल, गाव
आमचे वडील, दादा, वारल्यापासून घरात मामाचा शब्द. म्हणाला, चित्रं बघाय कोण येतंय रं? तालमीतला मानसिंग कुस्त्यांच्या कॅसेटी लावतो म्हणतोय, खोली त्यालाबी पायजे. तू एकदा दाखव. गावाला पटलं तर किल्ली तुझी.
म्हणजे मिळाल्यातच जमा.

१२ एप्रिल
बोर्डाचा रंग ठरवला. हिरवा. आई म्हणते, आधी खोली तर मिळू दे. तिला धंद्यातलं कळत नाही.

१५ एप्रिल, दुपार
तालमीत शो. खिडक्यांना पोती बांधली. गाव लोटलं. मी उभा राहून सगळं मराठीत सांगितलं. जपानी येत नाही, पण तोंडावरून कळतं. बाप बुडाला. बायकांनी डोळ्याला पदर लावले. मामा दोनदा खाकरला. जिंकलोच!
मग एक नंबरची कॅसेट घातली. कोळी मासे भाजत बसलेला. मानसिंग ओरडला, आरं, ह्यो आत्ताच मेला नव्हं? म्हटलं, जपानात असतं असं. शेजारची बनुबाई म्हणाली, लेकरा, पोरगीबी एवढीशी झाली की. तितं माणसं उलटी वाढत्यात व्हय? तालीम हसून लोळली. मी पुस्तकाचं समजावत होतो. ऐकतंय कोण. मामा म्हणाला, सरळ लाव.

संध्याकाळ
सरळ लावली. सरळ लावल्यावर बाप शेवटी मेला. परत आलाच नाही.
पैलवानसुद्धा नाकं पुसत होते. आई पडद्याकडं नाही, माझ्याकडं बघत होती. दादा गेले तेव्हा मी भट्टीवर. पोचलो तेव्हा सावडणं उरकलं होतं.
असली गोष्ट करतंच कोण? रेवडीसुद्धा देणार नाही.

१७ एप्रिल
किल्ली मानसिंगला. मामा म्हणाला, पिच्चर बेस हाय, पर रडाय रोज कोण येतंय? आन् धंद्यात आधी एक, मग दोन कळाय लागतं.
मानसिंग म्हणतो, माझ्याकडं दारावर तिकिटं फाड. मी? साफ नाही म्हटलं.

१८ एप्रिल
विचार करून सांगतो म्हणायला गेलो. दारावर त्याचा मेहुणा बसलेला.

२८ एप्रिल, कोचीन
अंथरूण होतं तिथंच होतं. मालकानं नुसतं भट्टीकडं बोट केलं, तेच जास्त लागलं.
रविवार, भट्टी बंद. मालकाच्या व्हिडिओवर 'कोळ्याची पोर' लावायला घेतली. गुंडानं एक नंबर पुढं केली. मी ती बाजूला ठेवली, दोन नंबर घातली.
शेवटी बाप हात हलवत गेला. आभाळ स्वच्छ होतं.
गदा कायम.