फिल्टर साफच होता

रविवार, ५ ऑक्टोबर

परत बंद पडली. पाचव्या मिनिटाला, दौंडच्या ग्राउंडवर, सगळ्यांच्या देखत. लेक सुवर्णा रिमोट धरून उभी, आणि मी पन्नाशीचा बाप्या हातभर गाडी काखेत मारून आणतोय. इंजिनाच्या डोक्याला थुंकी लावून बघितली. टेकायच्या आत वाळली.

फिल्टर तुंबला असणार. टाकीतून कारबुरेटरकडं जाणाऱ्या नळीत करंगळीच्या पेराएवढी डबी असते, आत बारीक जाळी. तिच्यात कचरा बसला की नायट्रोचं इंधन कमी पोचतं, इंजिन तापतं आणि मरतं. दुसरं काय असणार?

२७ नोव्हेंबरला पोरीचं लग्न. सासर लातूर. म्हणजे ९ नोव्हेंबरची शर्यत आम्हा बापलेकीची शेवटची. कंपनीतले साहेब बदलून जाताना ही गाडी मला देऊन गेले, त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून इंजिन मी लावायचं, पळवायची तिनं. पहिला नंबर एकदाही नाही. एकदा तरी तो घेऊन पोरगी घरातून गेली पाहिजे. भांडीकुंडी तिची आई बघते. माझ्याकडून देण्यासारखं हे एवढंच आहे.

बुधवार, ८ ऑक्टोबर

फर्स्ट शिफ्ट करून आलो, पायात गोळे आलेत. तरी फिल्टर उघडला. साफ — एक धागासुद्धा नाही. तसाच धुतला, फुंकला, परत बसवला. वरचा बाण कारबुरेटरकडं आहे का ते दोनदा बघितलं.

रविवार, १२ ऑक्टोबर

नवा फिल्टर घातला. सहाव्या मिनिटाला बंद.

सुवर्णा उशिरा आली. साड्या बघायला आईबरोबर शिरूरला गेली होती, तिथनं थेट ग्राउंडवर. लग्न ठरायच्या आधी दर रविवारी माझ्याबरोबर सकाळीच यायची. मी इंजिन लावून दिलं की गाडी गरम करायला लांब कोपऱ्यात घेऊन जायची, चार चकरा मारून आणायची. आता तेवढा वेळ कुणाला आहे? मी लावतो आणि ती तशीच पळवते.

म्हणाली, "आप्पा, धूरच दिसंना गाडीचा."

धुरावर मी इंजिन लावत नाही. कानावर लावतो. कारबुरेटरवर सुईचा स्क्रू असतो. तो आत फिरवला की इंधन कमी होतं आणि आवाज चढतो, बाहेर काढला की इंधन जादा आणि आवाज जड. आवाज मोकळा झाला की थांबायचं. सव्वीस वर्षं प्रेस शॉपमध्ये, पत्रा ठोकणाऱ्या मशीनांत काढली, कुठल्या मशीनचा बोल्ट ढिला झालाय ते मी लांबनं सांगायचो. पण हे इंजिन सध्या दबकंच बोलतंय. सुई आत आत नेली तरी मोकळं होत नाही.

आनंदराव म्हणाले, "मल्हारी, किंचाळतंय की रं तुझं इंजिन!" रेल्वेतून रिटायर झालेले ड्रायव्हर, तीन वर्षं पहिला नंबर त्यांचाच. मला डिवचायला बोलतात.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

दमलोय. आज फिल्टर नाही, काही नाही.

बुधवार, २२ ऑक्टोबर

पाडवा. सुट्टी. आज एकाच्या जागी दोन फिल्टर बसवले, एक टाकीच्या आत, एक नळीत. सुवर्णा हसून म्हणाली, "आप्पा, पिण्याचं पाणी गाळताय व्हय?" मलाही हसू आलं.

फिल्टरच्या झाकणातून हवा ओढत असेल म्हणून तो पेल्यातल्या पाण्यात बुडवून नळीतून फुंकून बघितलं. एक बुडबुडा आला नाही. हेही बरोबर, तेही बरोबर, मग चुकतंय कुठं?

बायको येऊन समोर उभी राहिली. "सणाचं तरी ठिवा त्ये बाजूला. मघाधरनं हाका मारतीय, ववाळायचं हाय." माझं लक्ष फिल्टरात होतं.

रविवार, २६ ऑक्टोबर

बंद. चौथ्या मिनिटाला.

सुवर्णा म्हणाली, "आप्पा, सुई जरा बाहेर काढू का?" मी सगळ्यांसमोर तिच्यावर खेकसलो, "तू कवापासनं इंजिनं लावाय लागलीस?" एका महिन्याची पाहुणी आहे आणि मी असा वागतो. वाईट वाटलं.

शनिवार, ८ नोव्हेंबर

दोन्ही फिल्टर काढून फेकले, तिसरा घातला. आता जे होईल ते होईल.

रविवार, ९ नोव्हेंबर

पहिला नंबर! पंधरा मिनिटं, मध्ये एकदा टाकी भरली, इंजिन एकदासुद्धा अडखळलं नाही. मागं निळसर धुराची रेघ, बघत राहावी अशी.

सुवर्णा आज माझ्याबरोबरच निघाली. "लावलं का इंजिन? द्या हिकडं, गरम करून आणते," म्हणाली आणि पूर्वीसारखी कोपऱ्यात घेऊन गेली. बहुतेक हा तिसरा फिल्टरच लागू पडला.

आनंदरावांनी हात मिळवला. "आज कसं ग्वाड वाजत हुतं!" फोटो काढताना सुवर्णानं कप माझ्याच हातात दिला. मला रडू आलं. माझ्या हातून पोरीला एवढं तरी मिळालं.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

कंपनीत कानाची तपासणी होती. मागची दोन वर्षं चुकली होती, एकदा रजेवर होतो, एकदा मशीन सोडता आलं नाही. बंद खोलीत बसवलं, कानावर हेडफोन, हातात बटण. "आवाज आला की दाबा." तीन-चार जाडे आवाज आले, दाबलं. मग काहीच येईना. मी वाट बघत बसलो.

सिस्टरनं दार उघडलं. "झालं, काका."

"बाकीचे आवाज कवा लावणार?"

"सगळे लावले, काका."

घरी येऊन सुवर्णाला विचारलं, मी लावलेली सुई तू परत बाहेर काढायचीस का? व्हय म्हणाली. कवापासनं?

"दोन वर्षं झाली, आप्पा."