पाहुण्यांसाठी भरलेली विहीर

प्रिय दादा,

तुझ्या वर्षश्राद्धाला सगळे तुझ्याबद्दल चांगलं बोलले, मीही बोलले. आज मात्र मला तुझा भयंकर राग आलाय आणि तो ऐकून घ्यायला तूच हवास!

काल ग्रामपंचायतीत भूजल खात्याच्या साहेबांनी आपल्या नदीखोऱ्याचा भूजल नकाशा लावला. विहिरींची पातळी मोजून, ती कॉम्प्युटरच्या मॉडेलमध्ये घालून केलेला. आजूबाजूचं शिवार पिवळं, लाल. आपलं मात्र निळंशार! जमिनीखाली पाणी भरपूर, म्हणून खालच्या वस्तीला टँकर नाही आणि बंधाराही नाही.

वस्तीवरची सखूबाई उठली. "सायेब, आमची हीर कोरडी ठाक पडलीय. ह्यो निळा रंग प्यायचा का आमी?"

साहेब हसले. "आजी, तुमच्या शेजारी आम्ही मोजतो त्या निरीक्षण विहिरीत दर वेळी पाणी सापडलंय."

ती विहीर तुझी, दादा!

आठवतं? मोजणीवाले यायच्या आदल्या दिवशी तू नदीवरची मोटार चालू करायचास आणि पाइपलाइनचं पाणी विहिरीत सोडायचास. मी ओरडले होते, "अरे, त्यांना जमिनीतलं पाणी मोजायचंय, नदीतलं नाही!"

तू म्हणालास, "गप गं बेबे! पावणं दारात येणार आन् त्यांना हिरीचा तळ दावू व्हय?"

वहिनी पाहुण्यांसाठी पोहे करायची, तू विहीर भरायचास. केवढा तो पाहुणचार! सखूबाईच्या मेंढ्या खतासाठी आपल्या रानात बसवताना तिची आठवण यायची, मग विहीर भरताना कशी नाही आली? खोटं बोलू नये हे मला शाळेत नन्सनी छडी मारून शिकवलं. तू तर एक शब्द न बोलता अख्ख्या मॉडेलला फसवलंस!

मी भर सभेत सांगितलं, "हे भूजल नाही, माझ्या भावाचा मोठेपणा आहे." लगेच मागून कुणीतरी, "बाई, गेलेल्या माणसाला कशाला मधी आणता?" साहेब म्हणाले, "मॅडम, पुन्हा मोजल्याशिवाय आकडा बदलत नाही." मग मोजा की! मी तिथून हललेच नाही. शेवटी सोमवारी येतो म्हणाले.

आणि आज सकाळी तुझे चिरंजीव काय विचारतात? "आत्या, पावणं यायचेत. मोटार लावू का?" चाळीस वर्षांचा घोडा! अगदी तुझ्यावर गेलाय.

स्टार्टरचे फ्यूज काढून मी माझ्या पर्समध्ये ठेवलेत, दादा. सोमवारपर्यंत ते तिथेच राहतील. पाहुण्यांना पोहे मी करीन, वहिनीसारखेच, वर ओलं खोबरं घालून. मग त्यांना विहिरीवर नेईन. सखूबाईलाही बोलावलंय. तिच्यासमोर टेप खाली सोडायला लावीन, पार तळाच्या दगडाला टेकेपर्यंत. तुझी अब्रू जाईल. जाऊ दे.

तुझ्यावर चिडलेली,
बेबी