तुरीचे भाव आणि गेलेलं पान

कारंजा, बुधवार संध्याकाळ

दोष सापडला. आमच्या साप्ताहिकाची पानं लावायचा संगणकावरचा प्रोग्राम ज्यानं लिहिला, त्यानंच आज कळवलं. बाजारभावांचा तक्ता चिकटवला की प्रोग्राम बंद पडतो आणि अख्खं पान जातं. मग पडद्यावर एक चौकट विचारते, काय करत होतात? तिथलं कोण वाचणार, म्हणून मी वैतागून लिहायचो, ‘तुरीचे भाव टाकून राह्यलो होतो. गेलं पान.’

त्यानं वाचलं. कुठल्याशा शहरातल्या परक्या माणसानं तुरीचे भाव टाकून मुद्दाम स्वतःचं पान घालवलं. दोष शोधायला. कितीदा?

हिला सांगितलं. म्हणाली, “एवढं तं तुमचं मीबी ऐकत नाही.”

त्या चौकटीत मी कधी साधा नमस्कारही लिहिला नाही.

दुरुस्ती उद्या सकाळी येणार, अंक दुपारी छापायला जाणार. आधी तुरीचेच भाव टाकीन.